बांधावरून

टोकावड्यात आषाढाच्या तोंडावर कुणालाही 'कसं काय?' विचारलं, तर समोरचा स्वतःची तब्येत सांगत नाही. 'वीतभर झालंय, पण शेंडे पिवळे पडलेत,' असं काहीतरी उत्तर येतं. नवखा पाहुणा हबकतो. हे सगळं आवणाबद्दल, म्हणजे भाताच्या रोपांबद्दल चाललंय, हे त्याच्या ध्यानात यायला एक पावसाळा जावा लागतो. या दिवसांत लग्न जमलेल्याला कुणी मुलगी कशी आहे विचारत नाही, आवण कसं आहे विचारतात. मुलगी काय, दिवाळीनंतर बघता येते.

कल्याणहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुरबाड आणि सरळगाव मागं टाकलं की टोकावडे लागतं. पुढं वैशाखरे, मोरोशी आणि मग माळशेज घाट. शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याची मंडळी धबधब्याखाली उभी राहायला याच रस्त्यानं जातात. त्यांना गाडीच्या काचेतून हिरवी खाचरं दिसतात, खाचरात वाकलेली माणसं दिसतात आणि बांधावर उभी असलेली माणसंही दिसतात. वाकलेल्यांचे फोटो निघतात. उभ्यांकडे कुणी ढुंकून पाहत नाही. वास्तविक बांधावर कुणीच उभं नसताना झालेली आवणी या तालुक्यात आजवर कुणी पाहिलेली नाही. अर्थात, पाहायला जाणारा माणूसही बांधावरच उभा राहतो, ही त्यातली अडचण आहे.

बांधावरच्या माणसाचं काम रोपाच्या जन्माआधीच सुरू होतं. उन्हाळ्यात राब भाजायचा असतो. रोपं करायच्या जागेवर शेण, वाळका पाला, छाटलेल्या फांद्या आणि गवत यांचे थर द्यायचे, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि वारा बघून पेटवायचं. आग भडकली तर काम बिघडलं. ती धुमसत, रेंगाळत सरकली पाहिजे. मग तणाचं बी मरतं, माती भाजून भुसभुशीत होते आणि राखेचं खत जागच्या जागी मिळतं. एक हेक्टर आवणायला साधारण १० गुंठ्यांची रोपं लागतात, तेव्हा प्रत्येक घराचा राबाचा तुकडा ठरलेला असतो. पेटवणारा एक असतो. 'अजून थोडा पाला टाक', 'आता नको, वारा पडू दे', 'आमच्या बापाच्या वेळी दुपारी पेटवत नव्हते' असं सांगणारे चार असतात. धूर मात्र या चौघांच्याच डोळ्यांत जातो. याला काही लोक निसर्गाचा न्याय म्हणतात.

या राबावर एके काळी सरकारही बांधावर येऊन उभं राहिलं होतं. जंगल खात्याचं म्हणणं, फांद्या छाटून शेतकरी जंगल संपवतो. शेतकऱ्याचं म्हणणं, फांदी नाही तर राब नाही, राब नाही तर भात नाही, आणि भात नाही तर साहेबांनी सारा कुणाकडून घ्यायचा? ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली मुंबई सरकारला जंगलाच्या प्रश्नावर आयोग नेमावा लागला, आणि १८८७ साली त्याचा अहवाल आला. त्यानंतर विलायतेहून डॉ. व्होल्कर नावाचे शेती-रसायनतज्ज्ञ आले, देशभर हिंडले, आणि १८९३ च्या आपल्या अहवालात त्यांनी राबाचीही दखल घेतली. हिंदुस्थानातला शेतकरी सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, काही बाबतींत सरसच आहे, असं त्यांनी लिहून ठेवलं. बांधावर उभं राहून चिखलातल्या माणसाला पास करणारा इतका मोठा परीक्षक त्यानंतर क्वचितच आला. नंतरच्या बहुतेकांनी नापास करण्याची परंपरा निष्ठेनं चालवली आहे.

पेरणीची वेळ आली की बांधावर दोन पक्ष पडतात, मोबाइल पक्ष आणि पंचांग पक्ष. मोबाइल पक्षाकडे हवामान खात्याचा इशारा असतो, पिवळा, नारिंगी किंवा लाल. पंचांग पक्षाकडे नक्षत्राचं वाहन असतं. मृगाचं वाहन बेडूक किंवा म्हैस असेल तर बी बिनघोर टाकावं, कोल्हा किंवा मेंढा असेल तर जरा दम धरावा. दोन्ही पक्षांचे अंदाज चुकतात, पण चुकल्यावर पंचांगवाल्यांना 'वाहन बरोबर होतं, आपलं पुण्य कमी पडलं' असं म्हणायची सोय असते. मोबाइलवाल्यांना फक्त रेंज नव्हती एवढंच म्हणता येतं. पाऊस लांबला की विषय आपोआप कल्याण-मुरबाड रेल्वेवर जातो. या रेल्वेची पेरणी आमच्याकडे दर निवडणुकीला होते. उगवतेही छान. आवणीला मात्र अजून आलेली नाही.

पेरण्याआधी बी मिठाच्या पाण्यात टाकायचं असतं, १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. पोचट दाणे वर तरंगतात, भरलेले तळाशी बसतात. तरंगलेले फेकून द्यायचे, बसलेले साध्या पाण्यात धुऊन पेरायचे. कृषी सहायक दरवर्षी हे प्रात्यक्षिक घरोघर करून दाखवतो. एकदा एका आजींनी त्याला विचारलं, 'भाऊ, मानसांसाठी केवढं पिंप लागंल?' आणि बांधाकडे पाहिलं. बांधावरची मंडळी लगेच आभाळाकडे बघू लागली.

मग येतो खरा वाद. रोप लावणीला झालं का? कृषी विद्यापीठाचं उत्तर सरळ आहे, २१ ते २५ दिवसांचं झालं की लावा. पण ही शिफारस रोपाला माहीत असते, पावसाला नसते. खाचरात चिखलणीपुरतं पाणी साचल्याशिवाय रोप कितीही वयात आलं तरी जाणार कुठं? हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात थांबायला तयार नसतं. ते राबातच कांड्यावर येऊ लागतं आणि मग लावून फुटवे कमी मिळतात. गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं, भात जरा सोशीक, चार दिवस पुढंमागं झाले तरी चालवून घेतं. पाऊस लांबला की शेतकरी घरातून राबाकडे, राबाकडून घराकडे अशा फेऱ्या मारत राहतो. बांधावर याच काळात सर्वाधिक गर्दी असते, कारण शेतात करण्यासारखं काहीच नसतं. एक म्हणतो, रोप कोवळं आहे, थांब. दुसरा म्हणतो, जून झालं, बुडालास. दोघं एकाच रोपाकडे बोट दाखवत असतात.

गेल्या काही वर्षांत या भागात 'सेकंड होम' नावाचं नवं पीक आलं आहे. त्याला पाणी कमी लागतं, कुंपण जास्त. त्यातल्या एका डोंबिवलीकर साहेबांनी टोमॅटोची रोपं गॅलरीत करून आणली होती, काळ्या प्रो-ट्रेमध्ये, कोकोपीटवर, प्रत्येक खणात एक. बरोबर छापील कागद होता, रोपं बाहेर लावण्याआधी कणखर कशी करावीत याचा. पहिल्या दिवशी सावलीत. दुसऱ्या दिवशी तासभर कोवळं ऊन. तिसऱ्या दिवशी दोन तास. असं वाढवत आठवड्यानं पूर्ण ऊन, आणि दरम्यान पाणी हळूहळू कमी. साहेबांनी ट्रे पडवीत ठेवला, घड्याळ लावलं आणि उन्हाची वाट पाहू लागले. महिना जुलैचा होता.

साहेब दोन दिवस थांबले. तिसऱ्या दिवशी बांधावर आले आणि तिथल्या वडीलधाऱ्या बाबांना अदबीनं म्हणाले, 'बाबा, इकडं ऊन साधारण कधी पडतं?'

बाबांनी इरल्यातून मान बाहेर काढून आभाळ नीट पाहून घेतलं. 'गनपतीत पडला तर पडतो,' ते म्हणाले. 'नायतर दसऱ्याला.'

'आणि पाणी कमी करायचंय हो रोपांचं.'

'ते तुमी कमी करून काय उपेग? वरच्याला सांगा.'

साहेबांचा कागद चुकीचा नव्हता, हे सांगायला हवं. आडोशाला वाढलेल्या रोपाचं पान पातळ असतं, त्यावरचा मेणासारखा थर नाजूक असतो. एकदम उन्हावाऱ्यात नेलं की मुळं पुरवतील त्यापेक्षा जास्त पाणी पानांतून उडतं आणि रोप मान टाकतं. हळूहळू सवय दिली आणि पाण्याचा थोडा ताण दिला की वाढ जरा मंदावते, पानाचा थर जाड होतो, खोड टणक होतं. इथले लोकही हेच करतात, पण भात निघाल्यावर, वांगी-मिरचीच्या रोपांना. उपटायच्या आधी काही दिवस वाफ्याचं पाणी तोडतात, काढायच्या दिवशी वाफा भिजवतात, ऊन कललं की रोप लावतात आणि बुडाशी तांब्याभर पाणी देतात. शास्त्र एकच आहे, छापील कागद तेवढा साहेबांकडे आहे. टोमॅटोचं शेवटी काय झालं ते साहेबांना विचारू नये. त्यांनी पुढच्या वर्षी आंबा लावला.

भाताच्या रोपाला मात्र बाहेरची सवय लावायची भानगडच नाही, कारण ते घरात कधी नव्हतंच. भाजलेल्या मातीत जन्म, डोक्यावर धो धो पाऊस, पायाशी खेकडे, आणि मधूनच राबात शिरलेली शेजाऱ्यांची कोंबडी. एवढं सोसून ते वीतभर होतं, तोवर त्याला उपटायची वेळ येते. उपटणं म्हणजे अक्षरशः उपटणं. मूठभर रोपं बुडाशी धरून खेचायची, मुळांची माती पाण्यात खळबळून काढायची, तरी नाही सुटली तर सरळ पायावर आपटायची आणि जुडी बांधायची. जुड्या मग खाचरात भिरकावल्या जातात. हे काम घरातल्या एखाद्या पोराकडे असतं आणि त्यात नेम लागतो. लावणाऱ्या बायका मागं मागं सरकत असतात, त्यामुळे जुडी त्यांच्या पाठीमागं, आपसूक हाताशी येईल अशी पडली पाहिजे. पुढं पडली तर लावलेली रोपं मोडतात. पाठीवर पडली तर पोराची सात पिढ्यांची कुंडली त्याला तिथंच ऐकायला मिळते.

लावणारीचे हात जवळून बघण्यासारखे असतात. डाव्या हातात सुटी केलेली जुडी. डावा अंगठा तीन-चार रोपं पुढं सारतो, उजवा हात ती उचलतो, अंगठा आणि दोन बोटं मुळांसकट चिखलात जातात आणि रिकामी वर येतात. उजवा हात परत येईपर्यंत डाव्या अंगठ्यानं पुढचा चूड तयार ठेवलेला असतो. रोप दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर फुटवे कमी येतात. हे माप तिला कुणी सेंटिमीटरमध्ये सांगितलेलं नसतं, ते बोटाच्या पेरात असतं. मान वर होत नाही. पाठीवर पूर्वी बांबूच्या कामट्यांचं, पानांनी शिवलेलं इरलं असे. आता बहुतेकींच्या पाठीवर प्लास्टिकचा कागद असतो. बांध किती जवळ आला हे डोळ्यांना नाही, टाचेला कळतं. आणि एवढ्या वेळात तोंड अखंड चालू असतं. गावात कुणाचं काय बिनसलंय याची पक्की बातमी हवी असेल तर ती खाचरात मिळते. बांधावर मिळते ती निव्वळ अफवा.

लावल्यावर चार-पाच दिवस रोप पिवळं पडून मलूल उभं राहतं. मग मुळं धरतं आणि हिरवं होऊ लागतं. हे पाहून बांधावरच्या एखाद्या कविमनाच्या माणसाला सासरी गेलेल्या लेकीची उपमा हमखास सुचते. खाचरातल्या कुणाला ती सुचल्याचं ऐकिवात नाही. तिथल्या बहुतेकजणी स्वतःच सासरी आलेल्या असतात आणि त्यांना मुळं धरायला पाच दिवस पुरलेले नसतात.

या बांधावर आजवर कोण कोण येऊन गेलं! १९५० च्या दशकात बोरिवलीच्या कोरा केंद्रातून जपानी पद्धत निघाली आणि देशभर गेली. गादीवाफ्यावर रोपं करा, दोरी धरून ओळीत लावा, असा तिचा सांगावा. दोरी आली. दोरीची दोन टोकं धरायला दोन माणसं लागली, आणि बांधावरच्यांना प्रथमच हाताला काम मिळालं. ती दोरी लवकरच का गेली याचं कारण यात असावं. मग डॉ. एन. के. सावंतांची चारसूत्री आली. ठरावीक अंतरावर चूड लावा आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी हातानं खोचा. याचा फायदा खराच आहे, खत पाण्याबरोबर वाहून जात नाही. पण गोळ्या वाटपाच्या दिवशी बांधावर सगळ्यांचे गुडघे अचानक दुखू लागतात. मादागास्करमध्ये १९८३ साली एका फ्रेंच पाद्रीबाबांनी तर पंधरा दिवसांच्या आतलं रोप, तेही एकेकटं, दूर दूर लावायला सांगितलं. इथल्या म्हाताऱ्यांनी ते ऐकून एवढंच विचारलं, की त्यांच्याकडं खेकडे नाहीत का?

लावणीचं यंत्रही येऊन गेलं. त्याला रोपं चटईसारखी वाढवून लागतात आणि वळायला जागा लागते. डोंगराच्या पायथ्याची आमची खाचरं अशी, की त्यांत बैलाला वळताना विचार करावा लागतो. आणि मग आले नेरळचे चंद्रशेखर भडसावळे, सगुणा पद्धत घेऊन. नांगरट नाही, चिखलणी नाही, लावणीच नाही. गादीवाफ्यावर साच्यानं खळगे पाडायचे आणि थेट बी टोकायचं. काहींनी ती उचलली, त्यांचे कष्ट आणि पैसे वाचले. बांधावर मात्र गंभीर चिंता पसरली. आवणीच नसेल तर पावसाळाभर बघायचं काय?

शनिवार-रविवारी बांधावर परगावची भर पडते. माळशेजहून परतणारी गाडी थांबते, पोरं उतरतात, पँट दुमडून चिखलात शिरतात, एक चूड लावतात, त्याचं रील करतात आणि बाहेर येऊन पाय धुवायला बिसलेरी शोधतात. त्यांनी लावलेला चूड गाडी वळायच्या आत काढून पुन्हा लावला जातो. काही ठिकाणी कृषी पर्यटनवाले पैसे घेऊन शहरातल्या लोकांकडून भात लावून घेतात. ही बातमी इथं पोचली तेव्हा मजूर मिळत नाहीत म्हणून हवालदिल झालेले एक गृहस्थ तासभर गप्प बसून होते. अधूनमधून पुढारीही येतात. त्यांचं रोप वर्तमानपत्रात छान दिसतं. शेतात ते सहसा ओळीबाहेर असतं.

लावणीनंतर आठ-दहा दिवसांनी नांग्या भरायच्या असतात. जिथं रोप मेलं, वाहून गेलं किंवा खेकड्यानं कापलं, तिथं राबात मुद्दाम राखून ठेवलेलं रोप लावायचं. खेकडा हा या सगळ्या प्रकरणातला एकमेव तज्ज्ञ, जो बांधावर न थांबता बांधाच्या आत राहतो. रात्री बाहेर पडून तो रोपं बुडातून कापतो आणि बांधाला भोक पाडून पाणीही सोडून देतो. त्याचा बंदोबस्त करायचे शास्त्रीय उपाय आहेत. पण टोकावड्याला बॅटरी घेऊन रात्री निघायचं आणि त्याचाच रस्सा करायचा, हा उपाय जास्त मानवतो. या मोहिमेत बांधावरचे झाडून सगळे सामील होतात. तेव्हा कुणाचा गुडघा दुखत नाही.

नांग्या भरताना मात्र पुन्हा तीच विभागणी होते. खाली चार बायका वाकलेल्या, वर सहा छत्र्या उभ्या. परवाच एक छत्री सांगत होती, इथं दाट झालंय, तिकडं पातळ आहे, त्या कोपऱ्यातला चूड तिरका गेलाय, आणि ते रोप जरा खोल लावलंय, त्याला फुटवे येणार नाहीत. बराच वेळ हे चाललं होतं. शेवटी खालच्या वहिनींनी न उठता, चिखलातला हात तेवढा वर करून, आपल्या शेजारची मोकळी जागा दाखवली.

'भावजी, एवढं कळतं तर या की खाली. जागा हाय.'

भावजींनी छत्री मिटली. आम्हाला वाटलं, उतरतात. त्यांनी ती नीट झटकली, पुन्हा उघडली आणि म्हणाले, 'उतरलो असतो. पण मग वरनं बघनार कोन?'